मोहगावचा दगड, नागपूरचे हात

सकाळी ६.५०
मे महिना. नागपुरात सातच्या आतच ऊन भिंतीवर चढतं. महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागामागे पत्र्याची एक खोली आहे. काका तिचं कुलूप काढतात. विभागात सगळे त्यांना काकाच म्हणतात. वय बावन्न. काम प्रयोगशाळा परिचराचं, एजन्सीमार्फत कंत्राटावर. पगार महिना चौदा हजार. दहा तारखेला झाला तर वेळेवर झाला म्हणायचं.

पहिलं काम पाण्याचं. नऊनंतर नळाची धार बारीक होते आणि पाण्याशिवाय दगड कापता येत नाही. काका निळा ड्रम गळ्यापर्यंत भरतात. दोन बादल्या वेगळ्या ठेवतात. मग झाडू. काल खाली सांडलेली पावडर ओल्या फडक्यानं टिपून घेतात. ती कोरडी झाडायची नाही. दगडाची बारीक धूळ छातीत बसली की निघत नाही, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. त्यांचा मोठा भाऊ खाणीत होता.

सकाळी ७.१५
कोपऱ्यात पोतं आहे. आतले दगड छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानचे. गेल्या आठवड्यात विभागातल्या मॅडम आणि दोन संशोधक मुली जाऊन घेऊन आल्या. येताना बसच्या टपावर पोतं चढवायला हमालाला साठ रुपये द्यावे लागले. त्याची पावती नसल्यानं पैसे मॅडमच्या पर्समधून गेले.

मोहगावच्या शेतात हे दगड नांगराला अडकतात. शेतकरी उचलून धुऱ्यावर फेकतो. त्याला अडचण, इथे ठेव. दगडाचं नाव चर्ट. काळपट, करडा, कडा काचेच्या धारेच्या. दख्खनचा लाव्हा एका दमात वाहिला नाही, थांबत थांबत वाहिला. दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात तळी साचली, काठावर झाडं वाढली. फुलं, फळं, मुळं गाळात पडली. सिलिका विरघळलेलं पाणी त्यांच्यात मुरलं आणि पेशी कुजायच्या आत सगळ्याचा दगड झाला. मग पुढचा लोंढा वरून आला. ही गोष्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. डायनोसॉरांचे शेवटचे दिवस.

सकाळी ७.४०
काका एकेक दगड बादलीत बुडवतात आणि उजेडाला धरतात. ओला दगड बोलतो, कोरडा नाही. डोळ्याला दहापट भिंग. बहुतेक तुकड्यांत मुळं दिसतात, ताडवर्गी झाडांची. मधूनच एखादं फळ. फुलं मात्र कमी. पाकळ्या आणि पुंकेसर नाजूक असतात, टिकण्याआधीच कुजतात.

आजचा दगड मात्र आधीच ठरला आहे. शेतातच हातोडीच्या एका घावात तो दुभंगला आणि दोन्ही तुकड्यांवर एकच फूल निघालं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. रुंदी जेमतेम चार मिलिमीटर. फिकट तपकिरी गोल, आत आणखी बारीक ठिपके. ठिपके म्हणजे पुंकेसर असावेत, असा मॅडमचा अंदाज.

मॅडमनी कालच सांगून ठेवलं आहे. ज्या तुकड्यात फूल कमी आहे, त्यावर काम करायचं. दुसऱ्याला हात लावायचा नाही.

सकाळी ८.१०
दोघींपैकी एक संशोधक मुलगी येते. पीएचडीचं तिसरं वर्ष. शिष्यवृत्तीचे पैसे चार महिने आलेले नाहीत, सध्या संध्याकाळी अकरावीच्या मुलांना शिकवते. दोघं मिळून दगडावर मार्करनं रेघ आखतात.

रेघ कुठे, यावर दहा मिनिटं जातात. दगड मुठीएवढा आहे, फूल एका कोपऱ्यात. घासण्यासाठी हातात मावेल असा ठोकळा वेगळा काढायला हवा. पण फूल दगडात किती खोल गेलं आहे ते बाहेरून कळत नाही. पातं दीड मिलिमीटर जाडीचं. त्याच्या वाटेत जे येईल त्याचा चिखल होतो आणि तो चिखल परत जुळत नाही. मुलगी म्हणते, फुलापासून आठ मिलिमीटर सोडू. काका मान हलवतात.

“बारा सोडा ना ताई. घासून कमी करता येते. वाढवता येत नाही.”

बारा ठरतं.

सकाळी ८.३०
यंत्र सुरू. आठ इंची पातं, कडेला हिऱ्याची कणी बसवलेली. किंमत साडेतीन हजार. नवं मागवायचं तर तीन दुकानांची दरपत्रकं जोडावी लागतात, म्हणून काका हेच जपून वापरतात. दगड शिकंजात आवळतात, मध्ये रबराचा तुकडा घालतात. चष्मा, मास्क, कानात कापूस. पाण्याची नळी पात्यावर सोडतात आणि मगच दगड पुढे सरकवतात.

आवाजानं पत्रे थरथरतात. करडं पाणी ट्रेमध्ये उतरतं. काका जोर लावत नाहीत. दगडाचं वजनच त्याला पुढे नेतं, हात फक्त वाट दाखवतो. जोर लावला की पातं वाकडं जातं, ठोकळ्याचा कोपरा उडतो. “पाणी कमी पडलं तं पातं जळते. घाई केली तं दगड जळते,” ते ओरडून सांगतात. चर्ट पोलादाला दाद देत नाही. अडीच इंच कापायला वीस मिनिटं लागतात. तोवर काकांची नजर रेघेवरून हलत नाही.

सकाळी ९.२०
गेटबाहेर तर्री-पोहे. प्लेट तीस रुपये, चहा दहा. पैसे मुलगी देते. काल काकांनी दिले होते. तर्री जास्त घालून घेतल्यावर काका सांगतात, पूर्वी दगड कापायला सायन्सचे पोरं पण यायचे. आता सगळ्यांना लॅपटॉपवरचं काम हवं असतं. तक्रार म्हणून सांगत नाहीत. पोहे संपवून हात धुतात.

सकाळी ९.५०
आता घासणं. टेबलावर जाड काचेची पाटी. तिच्यावर चमचाभर कार्बोरंडम पावडर आणि थोडं पाणी. आधी २२० नंबर, मग ४००, शेवटी ८००. नंबर जितका मोठा, तितकी भुकटी बारीक. काका ठोकळा फुलाच्या बाजूनं काचेवर टेकवतात आणि इंग्रजी आठच्या आकारात फिरवतात. एकाच दिशेनं घासलं तर एक कड जास्त झिजते आणि फूल तिरकं कापलं जातं.

दुभंगलेला पृष्ठभाग उंचसखल आहे. तो सपाट होईपर्यंत वरचा थर द्यावाच लागतो. दर वीस फेऱ्यांनी काका थांबतात, ठोकळा धुतात, भिंगातून बघतात, अंगठा फिरवतात. मुलगी कॅलिपरनं जाडी मोजते आणि पेन्सिलीनं लिहिते. अर्धा तास. काकांच्या मनगटावर शिरा उठल्या आहेत. शर्ट पाठीला चिकटलेला.

४०० वर जाण्याआधी सगळं धुतात. काच, ठोकळा, हात, नखं. जाड पावडरीचा एक कण जरी मागे राहिला तरी फुलावर ओरखडा पडतो. ओरखडा पीलमध्ये, म्हणजे पुढे फुलावरून उचलायच्या पारदर्शक शीटमध्ये, उतरतो आणि पुढे तो कुणाला पेशीची भिंत वाटू शकतो. काका नखं ब्रशनं दोनदा घासतात.

८०० ला आवाज बदलतो. खरखर थांबते, नुसती सरसर उरते. “झालं,” काका म्हणतात. मुलगी भिंगातून बघते. झालेलं असतं.

सकाळी ११.१५
या कामाला खोलीत कुणी बोलत नाही. बाटली प्लास्टिकची, कारण आतलं हायड्रोफ्लोरिक ॲसिड काच खातं. फ्यूम कपाटाची समोरची काच त्याच्या वाफेनं कधीच धुरकट झाली आहे. ते दगडही खातं, आणि त्यासाठीच ते इथे आहे. सिलिका विरघळते. वनस्पतीच्या पेशींच्या भिंती उरलेल्या कार्बनच्या असतात, त्या तशाच राहतात. दगड थोडा खाली बसला की भिंती वर उभ्या राहतात.

हे ॲसिड अंगावर पडलं तर लगेच आग होतेच असं नाही. कातडीतून आत जाऊन कॅल्शियम ओढून घेतं, हाडापर्यंत पोहोचतं. म्हणून कपाटाबाहेर कॅल्शियम ग्लुकोनेटच्या मलमाची ट्यूब टांगलेली आहे. तिची मुदत मुलगी दर महिन्याला तपासते. ट्यूब संपली तेव्हा मॅडमनी नवी येईपर्यंत ॲसिडचं काम बंद ठेवलं होतं.

जाड हातमोजे, त्यावर दुसरे हातमोजे, एप्रन, तोंडावर पारदर्शक ढाल. बाहेर चव्वेचाळीस अंश. फ्यूम कपाटाचा पंखा गरम हवाच ओढतो. काका ठोकळा चिमट्यानं प्लास्टिकच्या वाडग्यात ठेवतात, फुलाची बाजू वर. ॲसिड ओततात. मुलगी घड्याळ बघते. दोन मिनिटं. चिमट्यानं उचलून पाण्यात, मग दुसऱ्या पाण्यात, मग तिसऱ्या.

आता या बाजूला बोट लागता कामा नये. वर उभ्या राहिलेल्या भिंती बोटाच्या ओझरत्या स्पर्शानंही मोडतात. काका ठोकळा कडेवर टेकवून सुकायला ठेवतात. मग मोजे न काढता नळाखाली धुतात, आणि नंतर काढतात.

दुपारी १२.००
उन्हामुळे ठोकळा लवकर सुकतो. आता सेल्युलोज ॲसिटेटची पातळ पारदर्शक शीट. एका शीटचे काका सोळा तुकडे करतात, कात्रणं डब्यात ठेवतात. छोट्या नमुन्याला तीही चालतात. पंखा बंद. पृष्ठभागावर ॲसिटोन ओततात आणि ते उडायच्या आत शीटची एक कड टेकवून बाकीची हळूहळू सोडत नेतात. हवेचा बुडबुडा आत राहिला तर तेवढी जागा कोरी राहते. ॲसिटोननं शीट मऊ होते, उभ्या भिंतींच्या मधे शिरते, आणि सुकली की भिंती तिच्यात रुतून बसतात.

हे सगळं तीन सेकंदांत. मे महिन्यात ॲसिटोन त्याहून जास्त थांबत नाही. काकांचा हात या तीन सेकंदांत अजिबात हलत नाही. मुलीनं दोन वर्षं हेच शिकण्याचा प्रयत्न केला आहे. तिच्या दर पाच पीलमध्ये एकात बुडबुडा येतो.

दुपारी १२.२०
डबे. पोळी, वांग्याची भाजी, काकांच्या डब्यात आंब्याचं लोणचं. पील सुकेपर्यंत वेळ आहे. मुलगी कपाटातल्या जुन्या स्लाइडींचा ट्रे काढून दाखवते.

हे काम नागपूरला नवं नाही. १८५० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे दोन मिशनरी नागपूरजवळच्या टाकळीला लाव्ह्याच्या थरांमधले जीवाश्म गोळा करत होते. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटजवळ ओढा ओलांडताना बुडाले. शहरातलं कॉलेज त्यांच्या नावानं आहे. मोहगाव कलानचं एक फळ पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी १९४३ मध्ये वर्णिलं आणि त्याला एनिग्मोकार्पॉन नाव दिलं. पुढच्याच वर्षी नागपूरच्या व्ही. बी. शुक्लांनी त्याच गावच्या दगडातलं फूल वर्णिलं, साहनिॲन्थस. ते या फळाचंच फूल असावं, असं त्यांचं मत होतं. श्या चितळेंनी नागपुरात शिकवता शिकवता मोहगावचे दगड वर्षानुवर्षं अभ्यासले. पुढे अमेरिकेत क्लीव्हलंडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात त्यांनी पुरावनस्पतींचा संग्रह सांभाळला.

साहनींनी ते फळ मेंदीच्या कुळात ठेवलं. धायटी त्याच कुळातली, ताम्हणही त्यातलंच. काका कॉलेजच्या आवारातल्या ताम्हणाकडे बोट करतात. झाड जांभळं झालं आहे. “म्हणजे याचा आजा,” ते म्हणतात. मुलगी हसते. “आजा नाही काका. फार तर आजाचा चुलतभाऊ.”

दुपारी १.३०
पहिला पील. काका सुईनं एक कोपरा सोडवतात आणि शीट एकाच ओढीत काढतात. मध्ये थांबलं तर रेघ पडते. मुलगी लगेच कोपऱ्यात नंबर घालते आणि वरची बाजू कोणती त्याची खूण करते. क्रम चुकला तर फूल हरवलं. प्रत्येक पील म्हणजे फुलाचा एक काप. सगळे काप क्रमानं लावले तरच पुंकेसर कुठे सुरू होतो, कुठे संपतो, ते कळतं.

मग पुन्हा तेच. ८०० नंबरवर थोड्या फेऱ्या, धुणं, ॲसिड, धुणं, सुकवणं, ॲसिटोन, शीट. एका फेरीत जातो मिलिमीटरचा साधारण विसावा भाग. पाहायचं तर घासावं लागतं आणि घासलेलं परत येत नाही. काका दर वेळी फेऱ्या मोठ्यानं मोजतात. मुलगीही मनात मोजते. दोघांचा आकडा जुळला तरच पुढे जायचं.

दुपारी २.१५
शेजारच्या टेबलावर दुसरी मुलगी वेगळ्या कामात आहे. तिच्याकडे दगड नाही, मऊ माती आहे, त्याच थरांतली. माती ॲसिडमध्ये विरघळवायची, दहा मायक्रॉनच्या जाळीतून धुवायची, वर राहिलेला गाळ स्लाइडवर घ्यायचा. त्यात परागकण असतात. परागाचं बाहेरचं कवच ॲसिडलाही दाद देत नाही, म्हणून तर ते एवढी वर्षं टिकलं. ती एका स्लाइडवर दोनशे दाणे मोजते. मान दुखली की उठून व्हरांड्यात एक फेरी मारते.

फुलझाडांच्या इतिहासाची सुरुवात अशाच सुट्या दाण्यांनी होते. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत पहिले खात्रीचे पराग मिळतात, एका खाचेचे. पुढे काही लाख नाही, काही दशलक्ष वर्षांनी तीन खाचांचे दाणे दिसू लागतात. आजच्या फुलझाडांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जाती त्या तीन खाचांच्या घराण्यातल्या आहेत. पण सुटा दाणा कुणाचा ते सांगत नाही. त्याला नाव मिळतं ते दाण्याचं, झाडाचं नाही. झाड कळायचं तर तोच दाणा पुंकेसराच्या आत, परागकोशात सापडावा लागतो.

म्हणून दोन टेबलं शेजारी आहेत. एकीकडे हजारो दाणे, आईबाप माहीत नाहीत. दुसरीकडे एक फूल.

दुपारी ३.३०
तीन पील तयार. मुलगी त्यांच्या कडा कापते, स्लाइडवर बसवते, कव्हरस्लिप ठेवते. सूक्ष्मदर्शकाचा दिवा लागतो. आधी चाळीसपट, मग शंभर, मग चारशे.

पहिल्या पीलमध्ये नुसत्या पेशी. दुसऱ्यात एका कडेला परागकोशाचा काप. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा: मधे जोडणारा भाग, दोन्ही बाजूंना दोन दोन पिशव्या. भिंतीत जाड पट्ट्यांच्या पेशी दिसतात. परागकोश उकलतो तो याच पेशींच्या ताणानं. हा उकललेला नाही. पिशव्या बंद आहेत.

तिसऱ्यात आत दाणे आहेत.

मुलगी आधी मॅडमना बोलावत नाही. काकांना बोलावते. काका चष्मा कपाळावर ढकलून डोळा लावतात. बराच वेळ बघतात. “किती हायेत?” “एका पिशवीत पंधरा-वीस दिसतात या कापात.” “उकललं नव्हतं म्हणजे कळीच होती,” काका म्हणतात. मुलगी ते वहीत लिहिते.

आयपीसमधल्या मोजपट्टीवर ती एकेक दाणा मोजते. पंचविसाच्या आसपास मायक्रॉन. काहींच्या कडेला खाचा दिसतात. दोन की तीन, ते या कोनातून ठरत नाही. दाणे वेगवेगळ्या बाजूंनी कापले गेले आहेत, सगळे पाहावे लागतील. शेजारची मुलगी तिची स्लाइड घेऊन येते. दोघी आळीपाळीनं दोन्हीकडे बघतात. जुळतं असं कुणीच म्हणत नाही. तुलनेसाठी तीन-चार दाण्यांचे फोटो आधी काढायचे ठरतं.

दुपारी ४.२०
मॅडम येतात. पंधरा मिनिटं बघतात. मुलगी विचारते, दुसरा तुकडाही घ्यायचा का? त्यात फूल जास्त आहे, पराग जास्त मिळतील. प्रबंधाला सहा महिने उरले आहेत, हेही ती सांगते.

मॅडम नाही म्हणतात. पोर्तुगालची गोष्ट सांगतात. तिथल्या वाळूतून पुरावनस्पतिशास्त्रज्ञ एल्स मारी फ्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळणीनं धुऊन कोळसा झालेली फुलं काढली, लाव्ह्याच्या काळाहून कितीतरी जुनी, बरीचशी दोन मिलिमीटरच्या आतली. त्यांतली काही फुलं त्यांनी स्वित्झर्लंडला सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांखाली ठेवली आणि न कापता आतले पुंकेसर पाहिले. “आपल्याला आज ते जमत नाही. दगडातल्या फुलाला ते किती जमेल तेही बघावं लागेल. पण जमेल तेव्हा दाखवायला न कापलेलं फूल पाहिजे ना, बेटा.”

मुलगी गप्प बसते. मग दुसरा तुकडा ती स्वतःच कापसात गुंडाळते, डबीत ठेवते, वर क्रमांक लिहिते.

संध्याकाळी ५.००
आवराआवर. वापरलेल्या ॲसिडमध्ये काका चुना थोडा थोडा घालतात. पांढरा साका खाली बसतो. तो वेगळ्या पिंपात. दगडाचा चिखल बादलीत निवळू देतात, वरचं पाणी उद्याच्या कापणीला वापरायचं. गाळ नालीत टाकायचा नाही, तुंबते. ॲसिटोनची बाटली उचलून उजेडात बघतात. दोन बोटं उरलं आहे. उद्या स्टोअरमध्ये मागणीपत्र द्यायचं. २२० नंबरची पावडरही संपत आली आहे, ती मात्र ते गंजीपेठेतून स्वतःच आणतील. स्टोअरमधून यायला तीन आठवडे लागतात.

संध्याकाळी ५.४०
शेवटी वही. रकाने मॅडमनी आखलेले आहेत: दगडाचा क्रमांक, तारीख, पील किती, घासलं कुणी, किती गेलं.

जुन्या स्लाइडींवर गाव, वर्ष, क्रमांक असतो. घासणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. मॅडमना ते खटकलं. पन्नास वर्षांनी कुणी या स्लाइडी काढेल, त्याला दोन कापांमध्ये किती फूल गेलं ते कळायला हवं, आणि ते ज्याच्या हातानं गेलं त्याच्याशिवाय कुणी नीट सांगू शकत नाही. म्हणून रकाना.

मुलगी कॅलिपर लावते, काका आकडा वाचतात. सपाट करताना ०.३ मिलिमीटर. तीन पीलमध्ये ०.१५. एकूण ०.४५. मुलगी लिहिते. काका आकडा पुन्हा तपासतात, मग “घासलं कुणी” या रकान्यात स्वतःचं नाव लिहितात, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. त्याखाली सही.